घरात टीव्ही हवाच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बदलताना, जुना संच बिघडल्यावर किंवा केबलचे पैसे भरण्याची तारीख आली की हा विषय बहुतेक घरांत निघतो. मुले म्हणतात, आता टीव्ही कोण बघतो. आजी काही बोलत नाही. आणि निर्णय पुढच्या महिन्यावर जातो. अशा वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ती मुख्यतः महाराष्ट्रातील मराठी कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

आजच्या काळात घरात स्वतःचा टीव्ही असणे आवश्यक आहे का?

ज्या घरातील प्रत्येकाला स्मार्टफोन सराईतपणे वापरता येतो, जेथे इंटरनेट भरवशाचे आहे आणि जेथे प्रत्येकजण आपापल्या वेळेला आपापले काही पाहतो, त्या घरात टीव्ही आवश्यक राहिलेला नाही. बातम्या, मालिका, सामने, नाटके, कीर्तने हे सारे फोनवर किंवा लॅपटॉपवर मिळते.

मात्र आपली घरे इतकी एकसारखी नसतात. एकाच छपराखाली पंचवीस वर्षांची नोकरदार मुलगी, पन्नाशीतले वडील आणि ऐंशीच्या घरातली आजी राहते आणि तिघांच्या गरजा वेगळ्या असतात. म्हणून हा प्रश्न साऱ्या घराला मिळून न विचारता प्रत्येक माणसाला वेगळा विचारावा लागतो. ज्याला टीव्हीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच्या हाती बहुधा पैशांचा व्यवहार नसतो आणि ऑनलाइन खरेदीही नसते. त्यामुळे ज्याला गरज नाही तोच ‘आता गरज नाही’ असे ठरवून मोकळा होतो. माझ्या मते या विषयातली खरी अडचण ही आहे.

मग पूर्वी टीव्ही प्रत्येक घरात आवश्यक मानला जात होता का?

आपल्याला आठवते तितका नाही. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तरी मुंबई दूरदर्शन केंद्र उघडले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि त्यानंतर वर्षभराने सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. त्या काळात मुंबईच्या चाळीत एखाद्याच बिऱ्हाडात लाकडी पेटीतला, शटरचा टीव्ही असे आणि संध्याकाळी त्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. पुढे मुले बसत, मागे बाया, आणि पुरुष गॅलरीतून खिडकीच्या गजांना धरून पाहत. पडद्यावर मुंग्या आल्या की कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी आणि खालून ‘आलं, आलं’ असा पुकारा होई. पाहणारे चाळीस आणि संच एक, असा तो हिशेब होता.

१९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रंगीत प्रक्षेपण आले, संच वाढले आणि शेजाऱ्याकडे जाऊन पाहणे हळूहळू कमीपणाचे वाटू लागले. तरीही २००१ च्या जनगणनेत देशातील ३१.६ टक्के आणि २०११ च्या जनगणनेत ४७.२ टक्के कुटुंबांकडेच टीव्ही असल्याची नोंद आहे. म्हणजे २०११ मध्येसुद्धा देशातील निम्म्याहून अधिक घरे स्वतःच्या टीव्हीविना चालत होती. टीव्ही पाहणे आणि टीव्हीचे मालक असणे या दोन गोष्टी आपण अलीकडेच एक मानू लागलो आहोत, आणि आजच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या पुन्हा वेगळ्या करून पाहणे उपयोगाचे ठरते.

सर्व काही फोनवर दिसत असताना वेगळा मोठा पडदा कशासाठी?

फोन एका माणसाचा असतो आणि टीव्ही खोलीचा असतो. फोनवर पाहणाऱ्याच्या शेजारी बसून आपल्याला तेच पाहता येत नाही; मान वाकडी करून थोडा वेळ पाहता येते, इतकेच. याउलट टीव्ही चालू असलेल्या खोलीत भाजी निवडणारी बाई, गृहपाठ संपवून आलेला मुलगा आणि आरामखुर्चीतले आजोबा एकाच दृश्यावर मत देतात, भांडतात आणि रिमोटसाठी हट्ट करतात. ज्या घरात एवढ्यापुरतेच का होईना सर्वजण एकत्र येतात, तेथे त्या पडद्याचे मोल केवळ करमणुकीच्या हिशेबाने करू नये.

ज्या घरात टीव्ही एका खोलीत एकटाच बोलत असतो आणि प्रत्येकजण आपल्या फोनमध्ये डोके घालून बसलेला असतो, तेथे हा युक्तिवाद लागू होत नाही.

ज्येष्ठ व्यक्तींना टॅबलेट किंवा स्मार्टफोन घेऊन दिला, तर टीव्हीची गरज संपेल का?

काहींची संपते. अनेक ज्येष्ठ मंडळी फोन उत्तम वापरतात आणि त्यांच्याविषयी सरसकट काही गृहीत धरणे योग्य नाही. तरीही या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो, कारण येथे आमच्याच घरात चूक झाली होती.

वडील गेल्यानंतर आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिचा जुना टीव्ही आम्ही आणला नाही. नवीन घरात जागा कमी होती आणि आम्हा नवरा-बायकोला त्याची गरज वाटत नव्हती. आईला चांगला मोठा टॅबलेट घेऊन दिला आणि त्यावर तिच्या आवडीच्या वाहिन्यांची सोय करून दिली. तिची बोटे वयाने कोरडी पडली आहेत. काचेवर तीन वेळा टेकवली तरी एखाद्या वेळीच स्पर्श लागतो. मध्येच जाहिरात उघडे, तिने ती बंद करायला जावे आणि भलतेच काही सुरू व्हावे. मग ती टॅबलेट हातात घेऊन आमच्यापैकी कोणी मोकळे होण्याची वाट पाही. काही आठवड्यांनी तिने तो कपाटात ठेवला आणि ‘मला आता तेवढी आवड राहिली नाही’ असे सांगितले. आम्ही ते खरे मानले.

चार महिन्यांनी बत्तीस इंची साधा टीव्ही आणला, तेव्हा कळले की आवड होती तशीच होती. आज तिच्या रिमोटला प्लास्टिकचे कव्हर आहे, वर रबरबँड आहे, चालू करण्याच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे आणि तिला लागणाऱ्या पाच वाहिन्यांचे क्रमांक लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी लावलेले आहेत. सातच्या बातम्या ती स्वतः लावते. ‘कुणाला हाक मारावी लागत नाही,’ हे तिने पहिल्याच आठवड्यात दोनदा बोलून दाखवले. आम्ही टीव्हीकडे करमणुकीचे साधन म्हणून पाहत होतो. तिच्या दृष्टीने दिवसभरात कोणाच्याही मदतीशिवाय करता येणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक होती.

ज्येष्ठांसाठी टीव्ही घ्यायचा असेल तर कोणती काळजी घ्यावी?

सर्वांत मोठा गोंधळ दोन रिमोटांचा असतो: एक टीव्हीचा आणि दुसरा सेट-टॉप बॉक्सचा. टीव्ही चालू होतो, बॉक्स बंद राहतो, पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते आणि म्हातारे माणूस घाबरून सर्व बटणे दाबत बसते. एका रिमोटने दोन्ही उपकरणे चालू होण्याची सोय आता अनेक संचांत असते. ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करून द्यावी. स्मार्ट टीव्ही चालू केल्यावर ॲपच्या चौकोनांची रांग न उघडता थेट सेट-टॉप बॉक्सचे चित्र यावे, अशी व्यवस्थाही बऱ्याच संचांत करता येते.

रिमोट निवडताना अंकांची बटणे असलेला घ्यावा. आठ-दहा बटणांचे सुबक रिमोट दिसायला छान असले, तरी ज्यांना वाहिनी क्रमांकाने लक्षात राहते त्यांच्यासाठी ते निरुपयोगी ठरतात. ऐकू कमी येत असल्यास आवाज वाढवत नेण्यापेक्षा टीव्हीला जोडता येणारा हेडफोन घ्यावा, म्हणजे शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्यालाही त्रास होत नाही.

टीव्ही नसेल तर बातम्या आणि आपत्तीच्या सूचना कशा मिळतील?

रोजच्या बातम्यांसाठी टीव्ही अनिवार्य नाही. वर्तमानपत्र, आकाशवाणीची बातमीपत्रे आणि फोन पुरेसे आहेत. आपत्तीच्या वेळी तर टीव्हीवर भिस्त ठेवणेच चुकीचे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कितीतरी गावांत विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक दिवस वीज नव्हती. टीव्ही बंद होते आणि मोबाइलचे मनोरेही वीज नसल्याने मुके झाले होते. कोकणात, नदीकाठी किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी टीव्ही घ्यावा की न घ्यावा हे खुशाल नंतर ठरवावे, पण सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ आधी घ्यावा. त्याचे सेल पावसाळ्यापूर्वी बदलावेत.

मुलांच्या अभ्यासासाठी टीव्ही लागतो का?

एरवी लागत नाही. पण कधी लागला होता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा ज्या घरात एकच स्मार्टफोन होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुले मागे पडली. त्या वर्षी २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठ्यक्रमावर आधारित मालिका सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हते आणि डेटा संपण्याची भीतीही नव्हती. घरोघरी पोहोचलेली आणि फुकट मिळणारी वाहिनी अडचणीच्या काळात काय करू शकते, याचे ते चांगले उदाहरण होते, आणि केवळ आपल्या घरी गरज नाही म्हणून अशा सार्वजनिक प्रसारणाकडे समाजाने दुर्लक्ष करू नये असे मला मनापासून वाटते.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र टीव्ही आणि फोन असा भेद करण्यात फारसा अर्थ नाही. दोन वर्षांखालील मुलांना कोणताही पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा असावी, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. जेवताना घास भरवण्यासाठी टीव्ही लावण्याची सवय अनेक घरांत असते. ती फोनपेक्षा बरी आहे असे समजू नये.

टीव्ही घरात ठेवूनही त्याचे वेड आवरता येते का?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हे सर्वांनी मिळून करून दाखवले. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतील टीव्ही व मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करतात आणि मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. कोणी टीव्ही विकला नाही, त्याची वेळ ठरवून घेतली. शहरातील एका सदनिकेत भोंगा वाजणार नाही, पण दिवेलागणीच्या वेळी तासभर सर्व पडदे बंद हा नियम घरातील मोठ्यांनी आधी स्वतः पाळला तर चालतो. तो फक्त मुलांसाठी केला तर आठवडाभरही टिकत नाही.

टीव्ही ठेवण्याचा खर्च किती येतो?

खर्चाचे तीन भाग असतात: संच, वीज आणि दरमहाचे शुल्क. विजेचा भाग समजतो त्यापेक्षा लहान आहे. सत्तर वॅटचा संच दिवसाला पाच तास चालला तर महिन्याला साडेदहा युनिटच्या आसपास वीज लागते.

दरमहाच्या शुल्काकडे मात्र नीट पाहावे. दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घेण्याची पद्धत लागू केली. त्यात शंभर वाहिन्यांच्या जोडणीसाठी १३० रुपये आणि त्यावर कर अशी कमाल मर्यादा होती; २०२० मध्ये तेवढ्याच रकमेत दोनशे वाहिन्या देण्यास सांगितले गेले, आणि जुलै २०२४ मध्ये ही मर्यादाच काढण्यात आली. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्याखेरीज लागतात. वाहिन्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे, तरीही बहुतेक घरे केबलवाल्याने किंवा डिशच्या कंपनीने सुचवलेला संपूर्ण पॅक घेतात आणि त्यातील पाच-सात वाहिन्याच पाहतात. समजा, महिन्याला ३०० रुपये जातात, तर वर्षाचे ३,६०० होतात. घरात इंटरनेटचे आणि दोन-तीन ॲपचे पैसेही जात असतील, तर एकच मालिका आपण दोनदा विकत घेत आहोत का, हे एकदा कागदावर मांडून पाहावे.

दरमहा पैसे न भरता टीव्ही पाहता येतो का?

येतो. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि तिला मासिक शुल्क नाही. छत्री आणि सेट-टॉप बॉक्स यांचा एकदाच खर्च येतो, त्यानंतर रिचार्ज नाही. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या तिच्यावर असतात. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे त्यांची यादी बदलत राहते. ठरावीक एका खासगी मराठी वाहिनीवर जीव असेल तर ती सध्या आहे का, हे आधी विचारून मगच छत्री बसवावी. जोराच्या पावसात उपग्रहाचा संकेत क्षीण होतो आणि चित्र गोठते, हा डिशच्या सर्वच सेवांचा दोष आहे. कोकणात आणि घाटात तो जास्त जाणवतो.

गावी राहणाऱ्या आईवडिलांसाठी मला हा पर्याय सर्वांत समाधानाचा वाटतो, कारण रिचार्ज संपला म्हणून मुलाला फोन करून आठवण देण्याचा संकोच त्यात नसतो.

क्रिकेटसाठी टीव्ही लागतोच ना?

लागत नाही, पण एक बारकावा माहीत असावा. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे २००७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील निर्णयानंतर ते प्रक्षेपण दूरदर्शनचे स्वतःचे प्रक्षेपक आणि फ्री डिश यांच्यापुरतेच राहिले. म्हणून शेजारच्या फ्री डिशवर जो सामना दूरदर्शनवर फुकट दिसतो, तो आपल्या केबलवर त्याच वाहिनीला दिसत नाही. संचात बिघाड समजून मेकॅनिकला बोलावण्याचे कारण नाही.

नवा टीव्ही घ्यायचे ठरल्यास स्मार्ट टीव्हीच घ्यावा का?

बाजारात आता प्रामुख्याने तेच मिळतात. बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तरीही आकार खोलीकडे पाहून ठरवावा. दहा बाय दहाच्या खोलीत पंचावन्न इंची पडदा डोळ्यांवर येतो.

पडदा दहा वर्षे टिकला तरी त्यातील ॲप काही वर्षांत जुनी होतात आणि चालेनाशी होतात. तेवढ्यासाठी संच टाकून देऊ नये. टीव्हीच्या मागे लावायची, ॲप चालवणारी छोटी स्टिक घेतली की काम भागते. आपण काय पाहतो याची माहिती अनेक स्मार्ट टीव्ही कंपनीकडे पाठवतात. पहिल्यांदा जोडताना ‘मान्य आहे’ हे बटण घाईने दाबले जाते; सेटिंगमधील गोपनीयतेच्या भागात जाऊन ती परवानगी काढून घ्यावी.

टीव्ही ठेवण्यासाठी परवाना लागतो का?

भारतात आता लागत नाही. एके काळी रेडिओ आणि टीव्हीसाठी परवाना काढून दरवर्षी शुल्क भरावे लागे. ते ऐंशीच्या दशकात रद्द झाले. ब्रिटनला गेलेल्या मराठी कुटुंबांनी मात्र हे गृहीत धरू नये. तेथे कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहण्यासाठी, आणि सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवरील कार्यक्रमांसाठीही, परवाना लागतो. मग ते फोनवर पाहिले तरी. २०२५-२६ या वर्षासाठी त्याचे शुल्क १७४.५० पौंड होते. जर्मनीत तर टीव्ही असो वा नसो, प्रसारण शुल्क प्रत्येक घराला भरावे लागते.

जुना टीव्ही काढून टाकायचा असल्यास काय करावे?

चालू असेल तर गरजूला द्यावा. बंद असेल तर ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे किंवा उत्पादकाच्या संकलन व्यवस्थेकडे सोपवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीचा समावेश आहे. जुन्या फुगीर काचेच्या संचात शिसे असते. भंगारात तो हातोडीने फुटतो आणि फोडणारा बहुधा एखादा पोरगा असतो, म्हणून शे-दोनशे रुपयांसाठी तो भंगारवाल्याला देऊ नये.

घरात एकमत होत नसेल तर निर्णय कसा घ्यावा?

एक महिना रिचार्ज करू नये, आणि संच मात्र जागेवरच ठेवावा. त्या महिन्यात टीव्हीची आठवण कोणाला कोणत्या वेळी झाली, हे कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवावे. ज्येष्ठांना ‘तुम्हाला टीव्ही हवा का’ असे विचारू नये. ‘नको, उगाच खर्च कशाला’ हेच उत्तर येते. त्याऐवजी संध्याकाळी सात ते दहा ती व्यक्ती कोठे बसते आणि काय करते, हे आठ-दहा दिवस पाहावे. ती फिरायला, भजनाला, शेजारी गप्पांना जाऊ लागली असेल तर टीव्ही खुशाल काढावा. ती जेवण उरकून साडेसातला अंथरुणावर पडू लागली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच रिचार्ज करावा.